मुनिमाच्या हाती किल्ल्या देण्यापूर्वी

गेल्या वर्ष-दीड वर्षात जळगाव आणि धुळे येथील व्यापारी, पतपेढ्यांचे चिटणीस, शाळांचे मुख्याध्यापक आणि क्वचित् केळीचे बागायतदारही आम्हांला एक प्रश्न विचारू लागले आहेत. प्रश्न असा की, "आमच्या संगणकावर एआय एजंट बसविला आहे. त्याला जोडावयाचे निरनिराळे भाग इंटरनेटवर फुकट मिळतात. ते घ्यावेत की न घ्यावेत?" या प्रश्नाला आमचे उत्तर 'घ्या' असेही नाही आणि 'घेऊ नका' असेही नाही. आमचे उत्तर 'पारखून घ्या' असे आहे. परंतु पारखून घ्या म्हणजे नेमके काय करा, हे सांगितल्यावाचून असा उपदेश पोकळ ठरतो. म्हणून पारखण्याची ती रीत या व्याख्यानात सामान्य नागरिकाला समजेल अशा भाषेत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

विषय यंत्राचा असला तरी त्यात पणाला लागते ती वस्तू जुनीच आहे. ती म्हणजे पत. पतपेढीच्या चिटणिसाच्या संगणकात त्याचे स्वतःचे असे फारच थोडे असते. त्यात असतात ते सभासदांचे खाते क्रमांक, त्यांची कर्जे, त्यांच्या आधारकार्डांच्या प्रती. शाळेच्या संगणकात मुलांची नावे व पालकांचे पत्ते असतात. आपल्या चुकीचे फळ आपल्यालाच भोगावे लागले तर मनुष्य ते सोसतो. येथे मात्र चूक एकाची आणि नुकसान शेकडो विश्वासू माणसांचे, असा प्रकार होतो. म्हणून हा विषय हौशी लोकांपुरता मर्यादित नाही.

एजंट म्हणजे कोण आणि त्याचे जोडभाग कोणते

प्रथम शब्दांचा अर्थ ठरवून घेऊ. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले, तेव्हा यंत्राशी आपला संबंध प्रश्नोत्तरांपुरता होता. आपण विचारावे, त्याने सांगावे. त्याचे उत्तर चुकले तरी ते आपण खरे मानून वागलो तरच नुकसान होई. एजंट हा त्याच्या पुढचा टप्पा होय. तो नुसता बोलत नाही, काम करतो. तो ई-मेल उघडतो, बिले वाचतो, हिशेबाच्या तक्त्यात आकडे भरतो, पत्र लिहून पाठवितो आणि सांगितल्यास फाईल पुसूनही टाकतो. पहिल्याची तुलना सल्लागाराशी करता येईल. दुसऱ्याची मुनिमाशीच केली पाहिजे. सल्लागाराला आपण बैठकीत बसवितो. मुनिमाच्या हाती किल्ल्या देतो.

आता हा मुनीम पेढीवर येतो तेव्हा त्याला सर्वच कामे येत असतात असे नाही. कच्च्या पावतीवरून जीएसटीचे बिल कसे करावे, अमुक बँकेचा उतारा कसा वाचावा, हे त्याला शिकवावे लागते. ते शिकविण्यासाठी इतर लोकांनी तयार केलेले जे भाग मिळतात, त्यांना आम्ही या लेखापुरते 'जोडभाग' म्हणू. ते मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार 'स्किल'. हे एक साधे फोल्डर असते. त्यात काम कसे करावे याच्या सूचनांची एक फाईल, आणि बहुधा सोबत काही लहान प्रोग्राम असतात. दुसरा प्रकार 'एमसीपी सर्व्हर'. एमसीपी ही अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेली खुली पद्धती असून तिच्या योगाने कोणताही एजंट बाहेरच्या सेवेशी, म्हणजे ई-मेलशी, कॅलेंडरशी, हिशेबाच्या प्रोग्रामशी, एका ठरावीक रीतीने बोलू शकतो. सर्व्हर म्हणजे या दोघांमधला दुभाषा. तिसरा प्रकार ब्राउझरला किंवा मूळ प्रोग्रामला लावावयाच्या 'प्लगइन'चा होय.

हे भाग तयार करणारे बहुसंख्य लोक सज्जन आहेत, हे येथेच सांगितले पाहिजे. आपले काम सोपे झाले म्हणून ते इतरांसाठी फुकट ठेवणारे हे लोक आहेत. परंतु चोराला गर्दीच हवी असते.

जुना धोका आणि नवा धोका

जोडभागापासून होणारा धोका दोन प्रकारचा आहे. त्यांतील एक जुना आहे, दुसरा नवा.

जुना धोका असा की, जोडभागातील प्रोग्राम हाच मुळी लबाड असतो. तो आपल्या संगणकावर आपल्याच अधिकाराने चालतो. ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड, बँकेत प्रवेश केल्याच्या खुणा, दस्तऐवज, हे सर्व तो उचलून बाहेर पाठवू शकतो. कोणत्याही अनोळखी प्रोग्रामविषयी हा धोका पूर्वीपासून होताच.

नवा धोका समजण्यास थोडा कठीण आहे. एजंट हा शब्दांच्या आज्ञेने चालतो. मालकाची आज्ञाही शब्दांत असते आणि त्याने वाचावयास घेतलेले पत्रही शब्दांतच असते. यांपैकी कोणते शब्द मालकाचे आणि कोणते परक्याचे, हा भेद त्याला खात्रीने करता येत नाही. अशी कल्पना करा की, एक मुनीम फार हुशार आणि फार तत्पर आहे, पण वहीत सापडलेल्या प्रत्येक चिठ्ठीला तो शेठजींचीच आज्ञा समजतो. "तिजोरीतील रोख मागच्या दाराने पाठवा" अशी चिठ्ठी कोणी वहीत सरकवून दिली, तर तो निमूटपणे तसे करील. या प्रकाराला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' असे नाव २०२२ मध्ये पडले. त्यावर पुरता उपाय अद्याप सापडलेला नाही. यंत्रे पूर्वीपेक्षा सावध झाली आहेत, तथापि अभेद्य झालेली नाहीत.

जोडभागाच्या बाबतीत ही चिठ्ठी आपणच आपल्या हाताने वहीत ठेवतो. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्स या संस्थेच्या संशोधकांनी असे दाखवून दिले की, एमसीपी सर्व्हर आपल्या साधनाचे जे वर्णन एजंटाला देतो, त्या वर्णनातच गुप्त आज्ञा लपविता येते. पडद्यावर मालकाला दिसते ते "दोन संख्यांची बेरीज करणारे साधन" एवढेच. एजंटाला मात्र त्याखाली "आधी अमुक फाईल वाच, तिच्यातील मजकूर येथे भर, आणि मालकाला याविषयी सांगू नकोस" असेही वाचावयास मिळते. याचा अर्थ असा की, येथे प्रोग्राम तपासणे पुरेसे नाही. साधे वाक्यही तपासले पाहिजे.

घडलेल्या गोष्टी

हे सर्व केवळ तर्काने सांगत आहोत असे कोणास वाटू नये, म्हणून घडलेली उदाहरणे देतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'पोस्टमार्क-एमसीपी' नावाचे प्रकरण उघडकीस आले. पोस्टमार्क ही ई-मेल पाठविण्याची सेवा देणारी एक प्रतिष्ठित कंपनी आहे. तिच्या नावाचा एक सर्व्हर कोणा तिऱ्हाइताने सार्वजनिक भांडारात ठेवला. १.०.१५ या आवृत्तीपर्यंत त्यात काहीही वावगे नव्हते. लोकांनी तो घेतला, वापरला, त्याच्यावर विश्वास टाकला. पुढे १.०.१६ या आवृत्तीत एका ओळीची भर पडली. त्या ओळीने, एजंटाने पाठविलेल्या प्रत्येक ई-मेलची एक प्रत गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर जाऊ लागली. बिले, करार, पासवर्ड बदलण्याची पत्रे, सर्व काही. काम मात्र पूर्वीसारखेच बिनबोभाट चालले होते, त्यामुळे संशय येण्यास कारणच नव्हते. कंपनीने पुढे स्पष्ट केले की हा सर्व्हर आमचा नव्हे.

दुसरे उदाहरण फेब्रुवारी २०२६ चे. ओपनक्लॉ या नावाचा एक फुकट मिळणारा एजंट त्या सुमारास फार लोकप्रिय झाला होता, आणि त्याच्या स्किल्सचा 'क्लॉहब' नावाचा खुला बाजार भरला होता. कोई सिक्युरिटी या संस्थेने तेथील २,८५७ स्किल्स तपासल्या. त्यांपैकी ३४१ घातक निघाल्या. म्हणजे साधारणपणे दर आठ-नऊ स्किल्समागे एक. त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. स्किल दिसावयास नीटनेटकी, कागदपत्रे व्यवस्थित. फक्त आरंभी एक 'पूर्वतयारी' सांगितलेली असे. अमुक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा, किंवा अमुक पासवर्ड लावलेली झिप फाईल उतरवून चालवा. ही पूर्वतयारी म्हणजेच चोरी. झिपला पासवर्ड यासाठी की, तपासणाऱ्या प्रोग्रामला आत डोकावता येऊ नये. पुढे त्या बाजाराने स्किल्स तपासण्याची व्यवस्था केली, पण ती घोडे पळाल्यावर.

आपल्या जवळची दोन उदाहरणे एजंटांची नव्हेत, परंतु त्यांतून तोच धडा मिळतो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. बँकेची तिजोरी कोणी फोडली नव्हती. एटीएमचे यंत्र आणि बँक यांच्या मध्ये होकार-नकार देणारी जी व्यवस्था असते, तिच्या जागी चोरांनी आपली खोटी व्यवस्था उभी केली, आणि ती प्रत्येक मागणीला "द्या" म्हणत राहिली. २८ देशांतून पैसे काढले गेले. दुसरे उदाहरण ३१ जुलै २०२४ चे. लहान बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाल्यामुळे तिचा देशाच्या देयकव्यवस्थेशी असलेला संबंध तात्पुरता तोडावा लागला. परिणामी वृत्तपत्रांनी दिलेल्या माहितीप्रमाणे सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. त्या बँकांचा यात दोष नव्हता. त्या दुसऱ्यावर विसंबून होत्या, एवढेच. मध्ये बसणारा जो कोणी असेल त्याची पारख प्रथम करावी, हेच या दोन्ही गोष्टी सांगतात.

पारखण्याची रीत

आता मुख्य विषयाकडे वळू. जोडभाग बसविण्यापूर्वी काय काय पाहावे?

पहिली गोष्ट, गरज. हा जोडभाग नसेल तर आपले कोणते काम अडते, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर पुढे जाण्याचे कारणच नाही. एक खिडकी अधिक ठेवली की एक कडी अधिक लावावी लागते. जे काम एजंट मुळातच करू शकतो, किंवा जे आपण आपल्या शब्दांत चार ओळी लिहून त्याला शिकवू शकतो, त्यासाठी परक्याची स्किल घेऊ नये.

दुसरी गोष्ट, मूळ. हा भाग कोणी केला आणि तो आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आला? येथे धुळेकरांना वेगळा दाखला देण्याची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, आणि अस्सल कागदावाचून इतिहास नाही हा धडा महाराष्ट्राला दिला. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचा अंत झाला, आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. जुना कागद हाती आला की अभ्यासक विचारतो: लिहिणारा कोण, कोणासाठी लिहिले, केव्हा लिहिले, आणि हा कागद कोणाच्या दप्तरातून येथवर आला? जोडभागालाही हेच चार प्रश्न विचारावेत. कंपनीच्या नावाचा भाग असेल तर तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून दिलेल्या दुव्यानेच घ्यावा; शोधयंत्रात प्रथम दिसला म्हणून घेऊ नये. नावातील एखादे अक्षर बदलून जुळे नाव ठेवण्याची चाल सर्रास आहे. कर्त्याचे खाते कालच उघडलेले आहे काय, त्याने यापूर्वी काही केले आहे काय, लोकांनी दाखविलेल्या चुका तो दुरुस्त करतो काय, हेही पाहावे. किती जणांनी उतरवून घेतला हा आकडा मात्र प्रमाण मानू नये. तो फुगविता येतो.

येथे जळगावच्या सराफ्याचे उदाहरण घेऊन एक भ्रम दूर केला पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर ६ अक्षरांकांची हॉलमार्क ओळख सक्तीची झाली. तो ठसा दागिन्याच्या शुद्धतेविषयी बोलतो, कारण कोणीतरी तो तपासून मगच ठसा मारलेला असतो. संगणकाच्या जगातही 'डिजिटल सही' नावाचा ठसा आहे. परंतु तो ठसा हा माल कोणाचा आहे एवढेच सांगतो. माल शुद्ध आहे की नाही हे सांगत नाही. सही पाहून मूळ ओळखावे. गुण ओळखण्यासाठी कस लावलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट म्हणूनच, वाचन. स्किलमधील सूचनांची फाईल ही साध्या भाषेत असते, त्यामुळे ती वाचण्यास प्रोग्रामरच लागतो असे नाही. ती पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचावी. वाचताना पुढील खुणा दिसल्या तर तेथेच थांबावे: "मालकाला सांगू नका" अशा अर्थाचे वाक्य, "आधीच्या सूचना विसरा" असे वाक्य, बसविण्यापूर्वी टर्मिनलमध्ये काही चिकटविण्याची विनंती, दुसऱ्याच ठिकाणाहून आणखी काही उतरवून घेण्याची आज्ञा, पासवर्ड लावलेली झिप, आणि अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची लांबच लांब ओळ. प्रामाणिक माणसाला आपले म्हणणे सांकेतिक लिपीत लिहिण्याची गरज सहसा पडत नाही. सोबतचे प्रोग्राम जाणकाराकडून वाचून घ्यावेत. एआयलाच ते समजावून देण्यास सांगण्यास हरकत नाही; परंतु त्या वेळी त्याच्या हाती फाईल उघडण्याची, पाठविण्याची कोणतीही सत्ता नसावी, आणि त्याचा अभिप्राय हा एक अभिप्राय समजावा. वाचणाऱ्यालाच फसविण्यासाठी लिहिलेला मजकूर आपण वाचणाऱ्याच्या हाती देत आहोत, हे विसरू नये.

चौथी गोष्ट, अधिकार. आम्हांला ही सर्वांत महत्त्वाची वाटते. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरील फडपद्धत येथील श्रोत्यांना ठाऊक आहे. बंधाऱ्याने पाणी अडवावयाचे, पाटाने ते शिवारात आणावयाचे, शिवाराचे फड पाडावयाचे आणि प्रत्येक फडाला ठरल्या पाळीने पाणी द्यावयाचे. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. बागायतदाराने वाटेल तेव्हा वाटेल तेथून पाट फोडावयाचा नाही. पाणी सर्वांचे असूनही कोणत्याही एका चारीत सगळे पाणी सुटत नाही, यातच ती व्यवस्था शतकानुशतके टिकल्याचे मर्म आहे. जोडभागाला अधिकार देतानाही हीच दृष्टी हवी. बिले वाचणाऱ्या भागाला बिलांचे एक फोल्डर दाखवावे, सगळा संगणक नव्हे. वाचण्याने काम भागत असेल तर लिहिण्याचा अधिकार देऊ नये. बँकेचे लॉगिन तर कोणत्याही जोडभागाच्या हाती देऊ नये.

याविषयी सायमन विलिसन या प्रोग्रामरने जून २०२५ मध्ये एक सुटसुटीत कसोटी सांगितली आहे. एकाच एजंटाच्या ठिकाणी तीन गोष्टी एकत्र आल्या की घात होतो: आपल्या खाजगी माहितीपर्यंत पोच, परक्याने लिहिलेला मजकूर वाचणे, आणि बाहेर काही पाठविण्याची सोय. पहिल्यामुळे चोरण्याजोगे काही असते, दुसऱ्यामुळे चोराला आज्ञा देता येते, तिसऱ्यामुळे माल बाहेर जातो. तिन्हींपैकी एक काढून घेतली तर चोरीचा तो मार्ग बंद होतो. नवा जोडभाग घेताना एवढेच विचारावे: हा आल्याने ही तीन एकत्र येतात काय? येत असतील तर एक तरी वेगळी करावी.

पाचवी गोष्ट, चाचणी. नवी मोट पहिल्याच दिवशी भरल्या विहिरीवर कोणी जुंपत नाही. एखादा जुना संगणक किंवा निदान वेगळे खाते घ्यावे. त्यात खोटी नावे, खोटी बिले भरावीत, आणि आठवडाभर जोडभाग तेथे चालवावा. या काळात तो कोणाकोणाशी संपर्क साधतो, याची नोंद पाहावी. बिल वाचणाऱ्या भागाला परदेशातील अनोळखी पत्त्याशी बोलण्याचे प्रयोजन काय? लहानशी विसंगती सोडून देऊ नये. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला आपल्या संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. त्याने त्याचा माग काढला, तेव्हा 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये, दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करीत आलेल्या एका सहकाऱ्यानेच चोरदार ठेवलेले सापडले. अर्ध्या सेकंदाने अगणित संगणक वाचले.

सहावी गोष्ट, आवृत्ती. पोस्टमार्क-एमसीपीच्या प्रकरणात ज्यांनी पहिल्या दिवशी नीट तपासले त्यांनाही फसावे लागले, कारण तपासलेला माल एक आणि नंतर आपोआप आलेला माल दुसरा. म्हणून तपासलेल्या आवृत्तीचा क्रमांक पक्का करावा, जोडभाग आपोआप नवा होण्याची सोय बंद ठेवावी, आणि नवी आवृत्ती घेताना काय बदलले ते पाहून मगच घ्यावी. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर घेतल्या पाहिजेत हे खरेच. पण घेणे आणि नकळत शिरणे यांत फरक आहे.

सातवी गोष्ट, शेवटचा होकार माणसाचा. पैसे पाठविणे, पत्र बाहेर पाठविणे आणि काही पुसून टाकणे, या तीन कामांपूर्वी एजंटाने विचारलेच पाहिजे, अशी व्यवस्था ठेवावी. आणि विचारल्यावर वाचून होकार द्यावा. दिवसातून पन्नास वेळा डोळे मिटून 'होय' दाबणारा मालक आणि कॉसमॉसची ती खोटी व्यवस्था यांत तत्त्वतः अंतर राहत नाही.

एक उदाहरण

ही सात सूत्रे प्रत्यक्षात कशी लागू पडतात ते पाहू. समजा, सावद्याच्या एखाद्या केळीच्या व्यापाऱ्याला गाडीभाड्याच्या पावत्या वाचून तक्ता करणारी स्किल मिळाली. गरज खरी आहे. रोज तासभर वाचतो. कर्त्याचा शोध घेता तो दोन वर्षे असेच काम करणारा निघाला, ठीक. सूचनांची फाईल वाचता तीत एक ओळ आढळली की, तक्ता पुरा झाल्यावर त्याची प्रत 'सुधारणेसाठी' एका पत्त्यावर पाठवावी. कदाचित् कर्त्याचा हेतू निर्मळही असेल. परंतु त्या तक्त्यात गाडीवाल्यांचे फोन आहेत, दिल्लीच्या आडत्याचे भाव आहेत. व्यापाऱ्याने ती ओळ काढून टाकावी, स्किलला पावत्यांचे एकच फोल्डर द्यावे, ई-मेलचा अधिकार देऊ नये, आणि आठवडाभर खोट्या पावत्यांवर चालवून मग कामाला लावावी. याला सगळी मिळून एक दुपार लागेल. तासभर रोज वाचविणाऱ्या वस्तूसाठी एक दुपार ही किंमत जड नव्हे.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल की, "हे सर्व पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना ठीक. आमच्या पेढीत दोन माणसे. आम्ही हे कधी वाचणार आणि कोणाला विचारणार?" हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उत्तर देण्याचे टाळणे बरोबर होणार नाही.

आमचे उत्तर असे की, हे एकट्याचे काम नाहीच. फडाचे पाणीही एकटा बागायतदार राखीत नसे. सर्वांनी मिळून पाटकरी नेमला म्हणून ते राखले गेले. दहा पतपेढ्या, किंवा एका पेठेतील वीस व्यापारी, मिळून एक जाणता माणूस नेमू शकतात. एकाने तपासलेला जोडभाग इतर एकोणीस जणांच्या उपयोगी पडतो. त्यासाठी एक साधी नोंदवही पुरे: जोडभागाचे नाव, कोठून घेतला, कोणती आवृत्ती, कोणते अधिकार दिले, कोणी केव्हा तपासला. जळगावात १९९० पासून विद्यापीठ आहे. दोन्ही जिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात, आणि आपल्याला डोळे हवे आहेत. सहकाराची परंपरा असलेल्या या प्रांताला हे अवघड वाटू नये.

आणि इतके करूनही चूक झाली तर? एजंट तत्काळ बंद करावा आणि त्या संगणकाचा इंटरनेट तोडावा. मग दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड आणि सर्व सेवांच्या किल्ल्या बदलाव्यात; जोडभाग नुसता काढून टाकणे पुरेसे नाही, कारण गेलेली किल्ली परत येत नाही, कुलूपच बदलावे लागते. पैशाचा प्रश्न असेल तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे अडवून ठेवता येण्याचा संभव अधिक असतो. कंपन्या व संस्था यांनी सायबर घटना ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवावी, असा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. आणि ज्यांची माहिती गेली त्यांना सांगावे. लाजेने लपविलेली चोरी चोराच्याच उपयोगी पडते.

शेवटी एकच सांगावयाचे आहे. नव्या यंत्राला भिऊन दूर राहावे असा या विवेचनाचा हेतू नाही. चांगला मुनीम लाभला तर पेढी वाढते, हे आपल्या वाडवडिलांनी अनुभवले आहे. परंतु त्याच वाडवडिलांनी मुनीम ठेवताना त्याचे गाव विचारले, जामीन घेतला, पहिले वर्षभर त्याला गल्ल्यापाशी बसविले नाही, आणि दिवाळीला वही स्वतः तपासली. त्यात त्या मुनिमाचा अपमान आहे असे कोणास वाटले नाही. आज मुनीम यंत्राचा आहे आणि त्याला शिकवणारे लोक आपल्या ओळखीचे नाहीत. म्हणून ती जुनी रीत सोडून देण्याऐवजी अधिक कसोशीने पाळली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.